‘चाळीस टक्के उबदार’: अलास्काच्या वसंताबद्दलच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया कडक आहे आणि मुद्देसूदही. दोन ओळींत तिची बोळवण करणं बरोबर होणार नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अलास्काच्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांच्या तापमानाचा हंगामी अंदाज कसा वाचायचा, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. ‘उबदार राहण्याची शक्यता ४० टक्के’ ही पळवाट आहे, कारण काहीही घडलं तरी अंदाज करणारे बरोबरच ठरतात. दुसरा, पृथ्वी तापतेच आहे, तेव्हा दरवर्षी अंदाजाचा नकाशा लाल, म्हणजे ‘उबदार’, रंगवायला शास्त्र कशाला लागतं? तिसरा, २०१३ साली अलास्कातल्या नेनाना गावी टॅनाना नदीवरचा बर्फ २० मेपर्यंत हलला नाही. असे वसंत आधी सांगता येत नसतील तर हा खटाटोप कोणासाठी? शिवाय तुमचा भाचा अलास्कातल्याच फेअरबँक्सला शिकतो. त्याने नकाशातला लाल रंग पाहून एप्रिलच्या सुरुवातीलाच गाडीचे हिवाळी टायर उतरवले आणि पंधरवड्यात बर्फ पडून पारा उणे १५ अंशांखाली गेला. त्याची चिडचिड मला समजते. त्या रस्त्यांवर साधे टायर म्हणजे जिवाशी खेळ.

तापमानवाढीचा आक्षेप तिन्हींत सर्वांत वजनदार आहे, म्हणून आधी तो घेतो. १९७९ नंतर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. अशा ठिकाणी डोळे मिटून ‘उबदार’ म्हणणाराही बऱ्याच वेळा बरोबर येईल. अमेरिकेचं क्लायमेट प्रेडिक्शन सेंटर हे नकाशे काढतं, तेही या दीर्घकालीन कलाचा उघडपणे वापर करतं. मला यात लबाडी दिसत नाही. कल ही खरी माहिती आहे आणि ती बाजूला ठेवणं चूक ठरलं असतं. पण एखाद्या अंदाजाची पारख करताना हा कल वजा करून काय उरतं ते तपासायलाच हवं, इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. ‘सरासरीपेक्षा उबदार’मधली सरासरीही स्थिर नसते, हेही लक्षात घ्या. मे २०२१ मध्ये ती १९८१–२०१० या काळावरून १९९१–२०२० वर आणली गेली. म्हणजे उबदार ठरण्याची पट्टी वर सरकली आणि डोळे मिटून सांगणाऱ्याचं काम थोडं अवघड झालं.

मग कल वजा केल्यावर उरतं काय? मुख्यतः समुद्र. हवेची स्मृती फार तर दोन आठवड्यांची, समुद्राची कित्येक महिन्यांची. प्रशांत महासागरात ला निना असेल, म्हणजे विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा थंड असेल, तर अलास्कात हिवाळ्याचा शेवट आणि वसंताची सुरुवात थंड जाण्याकडे झुकते. एल निनो असेल, म्हणजे तेच पाणी नेहमीपेक्षा उबदार असेल, तर उलट. बेरिंग समुद्रावर बर्फाचं आवरण किती आहे यावर पश्चिम किनाऱ्याची हवा ठरते. २०१९ च्या मार्चअखेर तिथला बर्फ कमालीचा कमी झाला होता. तो मार्च अलास्कातला नोंदींमधला सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि टॅनाना नदीचा बर्फ नेनानाला १४ एप्रिललाच फुटला. त्याआधीची सर्वांत लवकरची तारीख २० एप्रिल होती, १९४० आणि १९९८ मधली.

नेनानाची ही नोंद मला फार मोलाची वाटते. १९१७ साली रेल्वेच्या अभियंत्यांनी नदीचा बर्फ कधी फुटेल यावर पैज लावली आणि ती आजही चालू आहे. मार्चमध्ये गोठलेल्या नदीवर लाकडी खांबांचा मोठा सांगाडा उभा करतात, त्याला बांधलेली तार काठावरच्या घड्याळाला जोडतात. बर्फ सरकला की घड्याळ थांबतं. शंभरहून अधिक वर्षांचा, मिनिटापर्यंत मोजलेला वसंत या पैजेमुळे आपल्याला मिळाला.

आता ‘पळवाट’. नकाशामागची रीत अशी की मागच्या तीस वर्षांचे एप्रिल–जून तापमानाप्रमाणे ओळीने लावायचे आणि त्यांचे तीन सारखे भाग करायचे: थंड, मधले, उबदार. काहीच माहीत नसेल तर प्रत्येकाची शक्यता ३३ टक्के. अंदाज ४० म्हणतो तेव्हा तो ३३ वरून ४० वर आलेला असतो, एवढंच. उरलेल्या ६० टक्क्यांत थंडही आहे आणि मधलंही. नकाशावरचा लाल रंग मात्र हे सगळं गिळून टाकतो, आणि तुमच्या भाच्याची फसगत तिथेच झाली असावी. रंगाऐवजी तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापले तर निम्मे गैरसमज टळतील, असं माझं ठाम मत आहे.

पण म्हणून हा अंदाज खोटा ठरूच शकत नाही असं नाही. एका वर्षात तो खोटा ठरत नाही, हे खरं. वीस-तीस वर्षांत आणि अनेक ठिकाणी मिळून मात्र ठरतो. जिथे जिथे ४० टक्के म्हटलं, तिथे दहापैकी चारच्या आसपास वेळा तसं घडायला हवं. दोनदाच घडलं तर अंदाज फाजील धीट होता. सात वेळा घडलं तर तो नको इतका बिचकत होता, आणि तोही दोषच. याशिवाय एक सरळ गुणांकन आहे. निव्वळ नशिबाने जितके बरोबर आले असते त्यापेक्षा जास्त किती आले, ते मोजायचं. सगळे बरोबर आले तर १००, नशिबाइतकेच आले तर शून्य, आणि सगळे चुकले तर उणे ५०. हे गुण दर हंगामानंतर प्रसिद्ध होतात आणि कधी कधी उणेही असतात. ज्याला पळवाट हवी आहे तो आपलेच उणे गुण छापत बसत नाही.

आपल्याकडेही हीच भाषा आली आहे. २०२१ पासून भारतीय हवामान खात्याचे मोसमी पावसाचे विभागवार नकाशे याच तीन भागांच्या शक्यतांमध्ये येतात. तेव्हा अलास्काचा नकाशा वाचायला शिकणं हे जूनमध्ये आपल्या जिल्ह्याचा नकाशा वाचायला शिकण्यासारखंच आहे. ‘आपल्याला त्या बर्फाशी काय करायचंय’ असं तुम्ही जाता जाता म्हटलंत, त्यालाही इथेच उत्तर देतो. वसंतातल्या बर्फावरून पुढच्या ऋतूचा अंदाज बांधण्याची कल्पना भारतात फार जुनी आहे. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली हिमालयातल्या हिमवर्षावाचा आणि मोसमी पावसाचा संबंध मांडला होता.

आता २०१३. इथे जरा रेंगाळतो, कारण वसंत मुळात इतका अवघड का, हे त्या वर्षात दिसतं.

फेअरबँक्स ६५ अक्षांशाच्या किंचित अलीकडे आहे. तिथे मार्चअखेर दिवस रोज जवळपास सात मिनिटांनी वाढतो; पुण्यात एका मिनिटाच्या आसपास. म्हणजे ऊन झपाट्याने चढत जातं. पण ताजं हिम त्यातलं ८० टक्क्यांहून अधिक आकाशात परत पाठवतं. जे आत शिरतं तेही आधी हिम वितळवण्यात खर्च होतं, हवा तापवण्यात नाही. एक ग्रॅम बर्फ वितळवायला जितकी उष्णता लागते, तितक्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं.

ढोबळ हिशेब करून पाहा. जमिनीवर १०० मिलिमीटर पाण्याइतकं हिम साठलं असेल तर एका चौरस मीटरवरचं वितळायला सुमारे ३३ मेगाज्यूल लागतात. एप्रिलअखेरच्या निरभ्र दिवशी साधारण २० मेगाज्यूल ऊन येतं असं धरू. हिम पांढरंशुभ्र असताना त्यातले चारच आत जातात, म्हणजे आठ दिवस. तेच हिम जुनं, ओलं, मळकं होऊन निम्मं ऊन शोषू लागलं की तीन-साडेतीन दिवस. बाकीची देवाणघेवाण मी सोडून दिली आहे, पण आठ आणि साडेतीन यांतला फरक खरा आहे. मध्येच एका रात्री चार बोटं नवं हिम पडलं की पृष्ठभाग पुन्हा पांढरा होतो आणि घड्याळ मागे जातं. ते हिम कोणत्या रात्री पडेल हे फेब्रुवारीत कोणालाही सांगता येत नाही, येणारही नाही. तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज तसा दावा करतही नाही.

२०१२-१३ च्या हिवाळ्यात ना एल निनो होता ना ला निना. समुद्राकडून मिळणारा इशाराच क्षीण होता. एप्रिल कडाक्याचा गेला, मेचा बराचसा भागही. नेनानाचं घड्याळ २० मेला दुपारी थांबलं, तिथल्या नोंदींतली सर्वांत उशिराची वेळ. १९६४ ची तारीखही २० मेच होती, पण काही तास आधी. नंतर मात्र हवा एकदम तापली. युकॉन नदीचा बर्फ उन्हाने जागच्या जागी कुजून पातळ होण्याआधीच हिमवितळीचा लोंढा त्याच्यावर येऊन आदळला. बिशप रॉकच्या वळणावर बर्फाचे तुकडे अडकून बांध तयार झाला, पाणी मागे तुंबलं आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात गलीना गाव बुडालं. बहुतेक गावकऱ्यांना विमानांनी हलवावं लागलं. जूनमध्ये त्याच राज्यात उष्णतेची लाट होती.

आता या वर्षाची एप्रिल ते जून सरासरी काढा. गोठलेला एप्रिल आणि तापलेला जून एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. समजा कोणी ती सरासरी आधीच अचूक सांगितली असती, तरी गलीनाच्या लोकांच्या हाती काय लागलं असतं? त्यांचा प्रश्न होता बर्फ किती जाड आहे, वर हिम किती साठलंय, आणि थंडी संपली की हवा हळूहळू तापेल की एका झटक्यात. २००९ साली युकॉनच्याच काठावरच्या ईगल गावाला बर्फाच्या बांधाने उद्ध्वस्त केलं, तेव्हाही प्रश्न हाच होता. त्याचं उत्तर हंगामी नकाशात नसतं. म्हणूनच दर वसंतात नदी-अंदाज केंद्राची माणसं छोट्या विमानांतून नद्यांवर घिरट्या घालतात, बर्फाचा रंग आणि भेगा पाहतात, आणि गावांना काही दिवस आधी सावध करतात.

हंगामी अंदाजाचा उपयोग ज्यांचा हिशेब अनेक वर्षांचा असतो त्यांना होतो. कॅनडातल्या येलोनाइफच्या उत्तरेला हिऱ्यांच्या खाणींकडे जाणारा रस्ता गोठलेल्या तलावांवरून जातो आणि वर्षातून जेमतेम दोन महिने चालतो. २००६ च्या उबदार हिवाळ्यात तो लवकर बंद पडला आणि उरलेला माल विमानांनी न्यावा लागला. अशा रस्त्यावरून इंधन पाठवणाऱ्याला ३३ आणि ४५ यांतला फरक दरवर्षी थोडा थोडा फायदा देतो. एका गाडीच्या मालकाला एका एप्रिलमध्ये तो काहीच देत नाही. म्हणून ‘निरुपयोगी’ हा तुमचा शब्द मला मान्य नाही. ‘चुकीच्या माणसाच्या हाती चुकीचा नकाशा’ असं म्हणाल तर मान्य आहे, आणि त्यात अंदाज छापणाऱ्यांची जबाबदारी वाचणाऱ्यापेक्षा जास्त आहे.

भाच्याला एवढं कळवा. टायरसाठी तीन महिन्यांचा नकाशा पाहूच नये. सहा ते दहा आणि आठ ते चौदा दिवसांचे अंदाज निघतात, तेही शक्यतांमध्येच, पण त्यांचा आधार खूप मजबूत असतो. आणि खिळ्यांचे टायर असतील तर घाईचं कारणच नाही. अलास्कात ६० अक्षांशाच्या उत्तरेला ते ३० एप्रिलपर्यंत वापरायला कायद्याने मुभा आहे.