अर्ध्या घोड्याचे पूर्ण पैसे

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. ते माझे वडील नव्हते. माझे वडील सांगलीला असतात, त्यांना बुद्धिबळ येतं, आणि ते कुणाच्याही खरेदीत तोंड घालत नाहीत, स्वतःच्या सुद्धा. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, कानशिलं पांढरी झालीत, होम लोन आहे, आणि तरीही गेल्या शनिवारी पुण्यातल्या एका हस्तकला प्रदर्शनात मला चारचौघात असं सांगण्यात आलं की "सर, पापाजी मान जाएँ तो आ जाना."

झालं असं की तिथे अमृतसरच्या एका पोराचा लाकडी बुद्धिबळाचा स्टॉल होता. आपल्याकडचे चांगले लाकडी सेट बहुतेक अमृतसरहूनच येतात आणि तिथूनच परदेशातही जातात, हे मला माहीत होतं, कारण गेले आठ महिने मी रात्री झोपायच्या आधी मोबाईलवर लाकडी घोडे बघतो. (लोक काय काय बघतात, मी घोडे बघतो.) स्टॉलवर मधोमध तो ठेवला होता. 1849 च्या मूळ स्टाँटन सेटची (म्हणजे स्पर्धांमध्ये दिसते त्या इंग्रजी घडणीची) नक्कल, पांढरी सोंगटी बॉक्सवुड नावाच्या फिकट लाकडाची, काळी एबनीची म्हणजे आबनुसाची, राजा पावणेचार इंच, सोबत नंबर घातलेलं सर्टिफिकेट. किंमत 28,900.

आता 28,900 म्हणजे महाग की स्वस्त हे ठरवायलाच मी गेलो होतो. घरून शिंप्याची टेपसुद्धा नेली होती, हसू नका. स्पर्धेच्या नियमात राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर हवा, पटावरचं घर पाच ते सहा सेंटिमीटर, आणि जाणकारांची एक सोपी परीक्षा अशी की पटाच्या एका घरात चार प्यादी दाटीवाटीने मावली पाहिजेत. मग बुडाला भेग आहे का बघायचं, कारण आत वजनासाठी शिसं भरलेलं असतं, लाकूड वाळून आक्रसतं, शिसं काही आक्रसत नाही, आणि मग बुडाशी राजा उकलतो. आणि काळं लाकूड खरंच एबनी आहे की बॉक्सवुडलाच काळा रंग फासलाय, हे तर बघायचंच. असं सगळं डोक्यात घेऊन मी टेप काढली, एक टोक राजाच्या बुडाशी धरलं, आणि दुसरं टोक कुणीतरी धरलं.

बघतो तर एक काका. हाफ स्वेटर, पायात सँडल, एका हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून बाहेर डोकावणारी मेथी. काकू शेजारच्या स्टॉलवर लखनवी कुर्ते उलटेपालटे करत होत्या, त्यामुळे काकांकडे भरपूर वेळ होता आणि तो सगळा त्यांनी मला द्यायचं ठरवलं.

"केवढ्याला?" काका म्हणाले.

मी आकडा सांगितला. बोलताना आवाज खाली आला हे कबूल करतो.

काकांनी टेप सोडली. पिशवी खाली ठेवली. मोबाईल काढला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि मला न विचारता सोंगट्या मोजायला लागले. बत्तीस व्हायला हव्यात तर चौतीस भरल्या, म्हणून परत मोजल्या.

"दोन जास्त आहेत."

मी म्हटलं, काका, ते जादा वजीर आहेत, प्यादं शेवटच्या घरात पोचलं की लागतात.

"म्हणजे स्टेपनी." काकांनी कॅल्क्युलेटरवर भागाकार केला आणि स्क्रीन आधी मला, मग स्टॉलवाल्याला, मग कुर्त्यांच्या स्टॉलवरच्या दोन अनोळखी बायकांना दाखवली. "साडेआठशे! एका नगाला साडेआठशे! प्याद्याला पण साडेआठशे! अहो ते मरायलाच असतं!"

यावर मला उत्तर होतं. भागाकारच चुकलाय हे ते उत्तर. सेटची किंमत चौतिसात सारखी वाटलेली नसतेच, ती घोड्यात असते. राजा, वजीर, उंट, हत्ती, प्यादी, ही सगळी मुळात लेथवर फिरवून निघतात. घोडा फिरवून निघत नाही, तो हातानेच कोरावा लागतो, कानाचं, नाकपुडीचं, आयाळीचं काम पटाशीने, आणि अमृतसरात फक्त घोडेच कोरणारे कारागीर असतात. एखादा सेट चार हजाराला आणि तसाच दिसणारा दुसरा तीस हजाराला का, तर आधी दोघांचे घोडे शेजारी ठेवून बघा, स्वस्तातला घोडा चेहऱ्याने कुत्रा असतो. 1849 चा जो पहिला घोडा होता तो म्हणे पार्थेनन देवळाच्या त्या संगमरवरी घोड्यावरून घेतलेला, जो अथेन्समधून लंडनला नेऊन म्युझियममध्ये ठेवलाय. म्हणजे ढापलेल्या घोड्याची कॉपी, त्या कॉपीची अमृतसरात कॉपी, आणि त्या कॉपीसमोर पुण्यात मी. हे सगळं मी काकांना सांगणार होतो. पण काकांनी तोवर हत्ती उचलला होता.

"ये क्या है?"

"रूक है सर. हाथी," स्टॉलवाला म्हणाला.

"हाथी है तो सोंड किधर है?"

पोराने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"ये तो बुरुज है," काका म्हणाले, आणि हे खरं तर बरोबरच होतं, तीच तर पंचाईत. "और ये?"

"ऊंट."

"ऊंट! इसका कुबड किधर है? मान किधर है? ये तो समई का शेंडा है." मग माझ्याकडे वळून मराठीत, हळू आवाजात, घरातल्या माणसाशी बोलावं तसं, "फसवतायत तुला. उंट म्हणून काहीही देतायत."

मी समजावलं की काका, ही इंग्रजांची सोंगटी, त्यांच्याकडे तो बिशप असतो म्हणजे पाद्री, वर त्याच्या टोपीची चीर आहे बघा, आपण त्याला उंट म्हणतो. काका म्हणाले, "मग पाद्री म्हणून विका ना. उंटाच्या नावाखाली पाद्री कशाला?" वजिराला मुकुट का आहे हे विचारल्यावर ती खरं तर त्यांच्याकडे राणी असते हे मी सांगितलं, आणि ते सांगायला नको होतं, कारण मग जादाचे दोन वजीर म्हणजे जादाच्या दोन राण्या झाल्या आणि काकांनी एकदा काकूंच्या दिशेने बघून घेतलं.

शेवटी घोडा. काकांनी घोडा हातात घेतला आणि क्षणभर गप्प झाले. मला वाटलं, आला, कलेचा साक्षात्कार आला. घोडा होताच तसा. मान वळलेली, तोंड किंचित उघडं, दात मोजता येतील असे.

"हा अर्धाच आहे," काका म्हणाले. "नुसती मान. पाय, पोट, शेपूट काही नाही. अर्ध्या घोड्याचे पूर्ण पैसे?"

आजूबाजूला आता सात-आठ माणसं जमली होती आणि त्यातले दोघं चक्क हसले. एकाने मला विचारलं की इथे डेमो चालू आहे का.

मग मी स्वतःची थोडी तरी इज्जत राहावी म्हणून स्टॉलवाल्याला विचारलं की एबनी असली आहे याची खात्री काय. पोरगा काही बोलायच्या आत काका म्हणाले, "पाण्यात टाका. खरं एबनी पाण्यात बुडतं, आमच्या ऑफिसात एक फर्निचरवाला सांगायचा." हे सुद्धा बरोबर! म्हणजे या माणसाचं हेच अवघड होतं, दर तिसरं वाक्य बरोबर. आणि त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढलीच. पोराने झडप घालून राजा काढून घेतला. "अंकल, इसमें लेड भरा है, असली हो या नकली, डूबेगा ही!"

काका थांबले. विचार केला. आणि मग सबंध हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्हणजे लाकडाच्या भावाने शिसं विकताय!"

इतकं होऊनही मी घेतला असता. खरंच. मी खिशातून फोन काढलासुद्धा होता. पण काकांनी शेवटचा प्रश्न टाकला, "आणि पट?" आणि पोरगा म्हणाला, "बोर्ड अलग से है जी, ग्यारह हजार." त्यानंतर काकांनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. त्यांनी माझा हात धरून फोन परत माझ्या खिशात घातला. "थाळी घेतली आणि ताट वेगळं? चल." आणि मी, मी चाललो! दोन-तीन पावलं खरंच चाललो त्यांच्या मागे. तेव्हा मागून ते वाक्य आलं, पापाजींचं, आणि पोराच्या आवाजात टोमणा नव्हता, सहानुभूती होती. टोमणा परवडला असता.

काकूंनी कुर्ता घेतला नाही. काकांनी मात्र निघताना शेजारच्या स्टॉलवरून 250 सांगितलेलं लाटणं 120 ला घेतलं आणि मला दाखवून म्हणाले, "हे बघ. अख्खं लाकूड. शिसं नाही."

आता मला राग नक्की कशाचा आलाय हे मी तेव्हापासून शोधतोय. काकांचा नाही, काका लोकांची ड्युटीच ती. राग या गोष्टीचा आहे की "हे घेऊन करणार काय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खेळतो मोबाईलवर, हरतोही तिथेच, बहुतेक वेळा कुठल्यातरी अकरा वर्षांच्या पोराकडून. मग मनातल्या मनात मी गुंतवणुकीचा मुद्दा तयार केला होता. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर सापडलेल्या मध्ययुगीन सोंगट्यांपैकी एक, एडिनबरोच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने 1964 साली पाच पौंडांना घेतली, कित्येक वर्षं ती घरातल्या ड्रॉवरमध्ये पडून होती, आणि 2019 मध्ये लिलावात 7 लाख 35 हजार पौंडांना गेली. पण ती वॉलरसच्या दाताची, शेकडो वर्षं जुनी. माझा सेट गेल्या दिवाळीनंतरचा. पंचावन्न वर्षांनी माझी नातवंडं तो विकतील असं गृहीत धरलं तरी सर्टिफिकेट तोवर वाळवीने खाल्लेलं असणार.

आणि हे 'करणार काय' फक्त बुद्धिबळालाच विचारतात, हा माझा खरा मुद्दा आहे. ऐंशी हजाराच्या फोनला कुणी विचारत नाही, हप्त्याने घेतलेला असला तरी. 2024 मध्ये गुकेश सिंगापूरला जगज्जेता झाला, 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप मारला, दोन्ही वेळेला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस, 'महाराष्ट्राची लेक', फेटा घातलेला फोटो, सगळं. आणि त्याच सोसायटीच्या क्लब हाऊसमधल्या सेटमध्ये एक उंट चार वर्षं बेपत्ता आहे, त्याच्या जागी खोकल्याच्या औषधाचं बूच आहे, आणि काळ्याचं एक प्यादं म्हणजे शर्टाचं बटण आहे जे आडवंच पडलेलं असल्यामुळे मेलंय की जिवंत ते कळत नाही. साडेतीनशे रुपयांचा नवा प्लास्टिकचा सेट घ्या म्हणून मी मीटिंगमध्ये म्हटलं तर उत्तर काय, पोरं हरवतात. अरे पोरं हरवतात म्हणजे पोरं खेळतात! लॉबीतल्या कारंज्याला मात्र दोन लाख मंजूर, ते कुणी हरवत नाही, ते चालूच होत नाही.

आमच्या आजोळी सांगलीत ही भानगड नव्हती. तिथे बुद्धिबळ हा नाद समजला जायचा, तंबाखूसारखा, म्हणजे घरचे शिव्या द्यायचे पण 'करणार काय' विचारायचे नाहीत. भाऊसाहेब पडसलगीकरांनी त्या गावात एवढी पिढ्यांची पोरं पटाला बसवली की आमचे मामा लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाटीने द्रोणाला शह द्यायचे. असो. विषय भरकटला.

तर मी रविवारी संध्याकाळी परत गेलो. प्रदर्शनाचा शेवटचा तास, पोरगा खोकी बांधत होता. मला बघून आधी त्याने माझ्या मागे बघितलं. "पापाजी नहीं आए?" मी म्हटलं, भाई, वो मेरे पापाजी नहीं हैं. त्याने मान हलवली, समजुतीने, जसं काही घरोघरी असंच असतं. मग मी काळा घोडा मागितला आणि उजेडाकडे धरून बघितला. किती कमी केले, शेवटी किती दिले ते इथे लिहीत नाही, घरचे वाचतात. पट घेतला नाही, एवढं सांगतो. चारही घोडे एकसारखे नाहीत, एकाचा डावा कान किंचित बारीक आहे, म्हणजे खरंच हाताने केलेत. मी चार घोडे घेतले आणि तीस सोंगट्या फुकट मिळाल्या असा हिशेब मी लावलाय आणि तो काकांच्या हिशेबापेक्षा जास्त बरोबर आहे.

खोका सध्या कपाटाच्या वर आहे, जुन्या मिक्सरच्या मागे.

आणि काल मंडईत कोथिंबीर निवडत होतो तर मागून खांद्यावर हात. हाफ स्वेटर.

"काय रे, घेतलास का शेवटी तो घोडा?"

काय गरज होती? मी कमावतो, टॅक्स भरतो, या माणसाचं नाव सुद्धा मला माहीत नाही.

"छे हो काका," मी म्हणालो. "एवढे पैसे कोण घालतं."

"शाब्बास," काका म्हणाले, पाठीवर दोनदा थोपटलं, आणि "धर जरा" म्हणून पिशवी माझ्या हातात देऊन कांद्यांकडे गेले. वीस मिनिटं धरून उभा होतो.