शेवळं, काकडं आणि तुमची तक्रार

ताई, शेवळं या पावसाळी रानभाजीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दोन गोष्टी सुनावल्यात. असलं वाचून शहरातली माणसं पिशव्या घेऊन डोंगरात शिरतात आणि रान ओरबाडतात, ही एक. दुसरी, लेख वाचून तुम्ही भाजी केलीत आणि रात्रभर घरात सगळ्यांचे घसे खाजत राहिले.

दुसरी आधी घेते, कारण ती चूक माझीच आहे. ‘थोडं आंबट घालून’ एवढंच लिहून मी पुढे गेले. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून तर शेवळांच्या जुडीशेजारी काकडं नावाची रानफळं विकायला असतात, हिरवी, आंबटढाण. ती ठेचायची, पाण्यात कोळायची आणि त्या रसात भाजी शिजवायची. नाहीच मिळाली तर चिंच, पण हात आखडता घ्यायचा नाही. कर्जतच्या बाजारात माझी नेहमीची ठाकर मावशी शेवळं निवडून दाखवते, तेव्हा आधी बाहेरचं जांभळट पान सोलते, आतला दांडा मोकळा करते आणि त्यावरचा पिवळा भाग नखाने खरवडून टाकते. “हा राहिला की घसा धरलाच,” म्हणते. हे लेखात यायलाच हवं होतं. तुमच्या घरच्यांची मनापासून माफी मागते.

पहिली तक्रार मात्र मला अर्धीच पटते. शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या एका रानटी झाडाचा फुलोरा, पावसाच्या तोंडावर पानाच्याही आधी वर येणारा. तो खुडला तर त्या वर्षी तिथे बी धरत नाही, हे खरं. पण कंद जमिनीत शाबूत असतो, मागाहून पान येतं आणि कंदाला पोसतं. मावशी वरून खुडते आणि प्रत्येक जागी काही तशीच ठेवते. कंदच उपटला तर मग काही उरत नाही. फोडशी या रानभाजीचंही तेच. ती सफेद मुसळीच्या कुळातली, पाती कापली तर पुन्हा फुटते, मुळांसाठी खणली तर गेली. टाकळ्याची भाजी मात्र हवी तेवढी खुडा, तो रस्त्याकडेचं तण आहे.

मी लहानपणी जिथे शेवळं खुडली तो उतार आता सपाट करून तिथे बंगल्यांचे प्लॉट पाडलेत. तिथे एकही कंद उरलेला नाही, आणि ते कुणा भाजी खुडणारीने केलेलं नाही.

म्हणून ‘लिहूच नका’ हे मला मान्य नाही. गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून रानात मिळणाऱ्या वस्तू, गोळा करण्याचा आणि विकण्याचा आदिवासींचा हक्क २००६च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे. ओळखणारं आणि विकत घेणारं गिऱ्हाईकच नसेल, तर शेवळांच्या त्या दोन-तीन आठवड्यांत मावशीच्या पाटीत काय राहणार? पिशव्या घेऊन डोंगरात शिरू नका, हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. शेवळं तिच्याकडूनच घ्यावीत, निवडायचं कसं तेही तिलाच विचारावं.

लेखात काकडांची आणि पिवळ्या भागाची कृती आज घातली आहे. फोटोखालचं टेकडीचं नावही काढलं आहे.