२५२० ‘एकमेव’ नाही : छोटासा खुलासा

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : १ ते १० या सगळ्या संख्यांनी निःशेष भाग जाणारी जगात एकच संख्या, २५२०.

भाग जातो, हे खरं. ‘एकच’ मात्र साफ चूक. ५०४० घ्या, ७५६० घ्या, २५२० ची कुठलीही पट चालते. २५२० त्यांतली सगळ्यात लहान, म्हणजे शाळेतला आपला लसावि : ८ × ९ × ५ × ७. मेसेजात पुढे म्हटल्याप्रमाणे आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने सुद्धा २५२० होतात, पण वर्ष काही ३६० दिवसांचं नसतं राव!

१ ते २० साठी हाच लसावि २३,२७,९२,५६० येतो. मिसळ टेबलावर येईपर्यंत कागदावर करून बघा.