सोळावं वरीस आणि 50 सीसी

आमच्या कन्येला सोळा पूर्ण झाली त्या दिवशी केक कापायच्या आधीच तिने कायदा काढला. "बाबा, मोटार वाहन कायदा, 1988. कलम 4. वाच." हातात सुरी होती, म्हणून वाचलं.

गाडी चालवायला अठरा पूर्ण हवीत, हे मला ठाऊक होतं. त्याच भरवशावर मी दोन वर्षं निर्धास्त होतो. पण या कलमात एक पळवाट निघाली: इंजिन 50 सीसीपर्यंतचं असेल तर सोळा पूर्ण झाली तरी लायसन मिळतं. फक्त अर्जावर पालकांची सही लागते.

"सही कर," ती म्हणाली.

मी मनातल्या मनात हसलो. सरकारने सोळा वर्षांच्या पोरांना लायसन दिलंय खरं, पण ते चालवायचं कशावर? हल्ली पोरंसोरं ज्या स्कूटरवर जीव टाकतात तिचं इंजिनच 110 सीसीच्या घरात. शोरूममध्ये जाऊन पन्नास सीसीची पेट्रोल गाडी मागितली, तर तिथला पोरगा आधी आपल्याकडे आणि मग मॅनेजरकडे बघेल. म्हणजे जेवणाचं आमंत्रण आहे, पण स्वयंपाकच नाही. मी उदार मनाने म्हणालो, "पन्नास सीसीची गाडी आण, लगेच सही करतो."

"आहे की. खाली."

खाली जिन्यामागे, जुनी गादी आणि फुटक्या कुंड्या यांच्यामध्ये, आबांची लूना उभी आहे. लूना म्हणजे पायडल असलेली, 50 सीसीची, चढ आला की आपणच तिला मदत करायची अशी गाडी. तिचं रजिस्ट्रेशन कधीच संपलंय, टायर चपटे होऊन फरशीला चिकटलेत आणि सीटमध्ये उंदराचं कुटुंब नांदून गेलंय. पण आबा तिला भंगारात देऊ देत नाहीत. उलट, नातीचा प्रस्ताव ऐकून त्यांचे डोळे चमकले.

"याच लूनावर तुझा बाप शिकला," आबा म्हणाले. "चौदाव्या वर्षी."

मी चहा आणायला आत निघालो, पण उशीर झाला होता. कन्येने तोवर फोनवर पुढचं कलम काढलं होतं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, बारा महिने गाडीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. "आबा, तुम्ही आत गेला असतात," ती कौतुकाने म्हणाली. आबांना वाचवलं ते तारखेने. ही तरतूद 2019 सालची, आणि माझे पराक्रम 1992चे. (पंचवीस हा आकडा मला आवडला. लोकसभेची निवडणूक लढवायलाही पंचवीसच लागतात. म्हणजे सोळाव्या वर्षी सापडलेला मुलगा ज्या वर्षी गाडी चालवायला पात्र होतो, त्याच वर्षी देश चालवायलाही. आणि ज्याला अठराव्या वर्षी सरकार निवडता येतं, त्याला टेम्पो चालवायला मात्र विसावं उजाडावं लागतं. टेम्पोला जबाबदारी जास्त असावी.)

मी शेवटचं हत्यार काढलं. "हे बघ, लर्निंग लायसनवर एकटीने चालवता येत नाही. पक्कं लायसन असलेला माणूस सोबत लागतो. आणि तो म्हणजे मी. मला वेळ नाही."

"बरं. तुझं दाखव."

"काय?"

"लायसन."

मी रुबाबात पाकीट काढलं. हे लायसन मी सव्विसाव्या वर्षी काढलं होतं. चौदा ते सव्वीस या काळाबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत. वीस वर्षांची मुदत म्हणजे जन्माचीच, असं मी तेव्हा समजून चाललो होतो. कन्येने कार्ड उजेडात धरलं, डोळे बारीक केले आणि निकाल वाचल्यासारखी तारीख वाचली. मुदत संपून सव्वा वर्ष झालं होतं.

घरात शांतता पसरली. बायको एवढंच म्हणाली, "म्हणजे परवा मला भाजीला नेलंस ते..." आणि थांबली. ते थांबणं फार वाईट होतं.

पुढचं सगळं कन्येनेच शोधून वाचून दाखवलं. मुदत संपून वर्ष उलटलं की नुसतं नूतनीकरण होत नाही, चाचणी पुन्हा द्यावी लागते. शिवाय चाळिशी ओलांडलेली, म्हणून डॉक्टरचा दाखलाही. तिला गाडी चालवायला दोन वर्षं कमी पडत होती, मला सात जास्त झाली होती. घरात चालक म्हणून उरली फक्त बायको. तिचं लायसन चालू होतं आणि चेहऱ्यावरून ते दिसतही होतं.

गेले तीन रविवार सकाळी सातला आमच्या पार्किंगमध्ये रांगोळीने भला मोठा आठ काढला जातो. बायकोची स्कूटर, वर मी. आबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. वॉचमन कौतुकाने उभा. पहिलं वळण बरं जातं, दुसऱ्याला मात्र तोल जातो आणि डावा पाय आपोआप खाली येतो.

"पाय टेकला, बाबा," कन्या म्हणते. "नापास. मागून ये."