दोन गुंठे आभाळ

तुमच्याकडे साताऱ्याजवळ परळी खोऱ्यात नाहीतर जावळीत कुठंतरी दीड-दोन एकर डोंगरउतार पडून आहे. त्यात गवताशिवाय काही उगवत नाही, उगवलंच तर रानडुकरं ठेवत नाहीत. मोजणी आजोबांच्या वेळी झाली होती म्हणतात. वाटेवरून भावकीशी दावा चालू आहे. अभिनंदन! अशा जागेला आता पडीक रान म्हणत नाहीत, सेकंड होम डेस्टिनेशन म्हणतात.

आणि ती अजून तुमच्या नावावरही झाली नसेल, नुसता विसार देऊन ठेवला असेल, तर त्याहून उत्तम. विकायला मालकी लागते, जाहिरातीला लागत नाही. पूर्वी साताऱ्यात पोवई नाक्यावर चहाच्या गाड्यापाशी बसून गिऱ्हाईक गाठावं लागे. ते गिऱ्हाईक फार वाईट. चहा तुमचा पिई आणि वर विचारी, पाणी कुठून आणणार, वाट कुणाच्या रानातून जाते, सातबाऱ्यावर बहिणींची नावं आहेत का, हक्कसोड झालाय का. आजचं गिऱ्हाईक मोबाइलमध्ये राहतं आणि एकच शब्द विचारतं, ‘प्राइस?’ त्याला सांगायचं, ‘इनबॉक्स केलंय सर.’ भाव चारचौघांत बोलायचा नसतो. बोललात तर शेजारच्या गटाचा मालक खाली कमेंटमध्ये येऊन निम्म्यानं देतो म्हणेल.

आधी शूटिंगचं बघा. मुहूर्त एकच, ऑगस्टची अखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. तेवढ्या सहा-सात आठवड्यांत साताऱ्याच्या पश्चिमेला कातळसुद्धा हिरवा असतो. ढग अंगाला घासून जातात, ठोसेघरचा धबधबा जोरात असतो, उरमोडी नाहीतर कण्हेर धरणाचं पाणी तुमच्या बांधाच्या पायाशी आल्यासारखं दिसतं. हे तीस सेकंद टिपा आणि वर्षभर पुरवून खा. एप्रिलमध्ये चुकूनही कॅमेरा काढू नका. एप्रिलमध्ये तेच पाणी लांब मागं सरतं आणि मधला भेगाळलेला गाळ उघडा पडतो. त्याला वॉटर व्ह्यू म्हणणारा पुढारीच पाहिजे. (ज्यांची घरं या धरणांच्या पाण्याखाली गेली, त्यांना वॉटर व्ह्यूचा जादा भाव कुणी दिल्याचं ऐकलेलं नाही. पण तो विषय रीलमध्ये बसत नाही.)

ड्रोन मात्र उडवाच. उभ्या माणसानं काढलेल्या फोटोत जमीन दिसते, हा त्या फोटोचा मोठा दोष. चढ दिसतो, खडक दिसतो, विजेचा शेवटचा खांब कुठं थांबलाय तेही दिसतं. वरून बघितलं की सगळा उतार गालिच्यासारखा सपाट. आता हिशेबाला बसलात तर एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. दोन गुंठ्यांत घर, चारी बाजूंची मोकळी जागा, गाडी आणि शोषखड्डा बसवताना इंजिनिअर घामाघूम होतो. पण तुम्ही ड्रोन वर वर नेत सज्जनगडापासून पवनचक्क्यांपर्यंतचं सगळं खोरं चौकटीत घ्या, मागं बासरी लावा आणि अक्षरं उमटू द्या, ‘हे सगळं तुमचं असू शकतं.’ गिऱ्हाईक पैसे दोन गुंठ्यांचे देतं आणि आभाळासकट खोरं मनात घेऊन पिंपरीला परत जातं. कुणाचंच नुकसान नाही.

कास पठाराचं नाव घातल्याशिवाय पोस्ट टाकू नका. पश्चिम घाटातली जी ठिकाणं २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली, त्यांत कास आहे. तुमचा प्लॉट नाही, पण शब्दावर कुणाचा सातबारा नसतो. पठारावरची टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. तुमच्या जाहिरातीत ती दर शनिवारी फुलली पाहिजे.

अंतर किलोमीटरमध्ये सांगणं हा आता गावंढळपणा समजतात. मिनिटांत सांगा. ‘पुण्यापासून फक्त दीड तास.’ हा दीड तास पहाटे तीनला निघालं, खेड शिवापूर आणि आणेवाडीचे टोलनाके रिकामे मिळाले आणि खंबाटकीत एकही ट्रक आडवा झाला नाही तर लागतो. शनिवारी सकाळी निघालेल्यानं आपापलं नशीब तपासावं. ‘हायवेपासून पाच मिनिटं’ हेही खरंच असतं, घारीला. गाडीला पाऊण तास लागतो, त्यातली शेवटची दहा मिनिटं खाली उतरून ढकलायची.

मराठी भाषेनं या धंद्याला दिलेलं सर्वांत मोठं देणं म्हणजे ‘प्रस्तावित’ हा शब्द. प्रस्तावित रिंगरोड, प्रस्तावित रोपवे, प्रस्तावित आयटी पार्क, प्रस्तावित विमानतळ. यात खोटं काहीच नाही. कुणीतरी कुठंतरी प्रस्ताव मांडलेला असतोच, निदान मिसळीवर. नकाशात हे सगळं जाड लाल रेघेनं काढायचं आणि ‘प्रस्तावित’ मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरात. अलीकडे तर सरकारनंच कच्चा माल पुरवलाय. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील क्षेत्र आहे, तिथं बांधकामाला बरीच वेसण. मग सातारा, जावळी, पाटणमधल्या गावांचं ‘नवीन महाबळेश्वर’ करायचं निघालं आणि नियोजन रस्ते विकास महामंडळाकडे गेलं. बस्स! त्या दिवसापासून कोयनेच्या काठच्या करवंदीच्या जाळीलाही हिल स्टेशनचा भाव आला. तुमच्या गटावर आराखड्यात घरं बसतात की हिरवा पट्टा बसतो, हे झोन दाखल्यावरून कळतं. म्हणूनच तो काढू नका. झोन दाखला वाचलेल्या माणसाच्या तोंडून ‘तीन वर्षांत दुप्पट’ हे वाक्य ठणठणीत बाहेर पडत नाही, कुठंतरी अडखळतं, आणि कॅमेऱ्याला ते बरोबर कळतं.

बोलणारा पोरगा स्थानिकच घ्या. काळा गॉगल, पांढरे बूट, हातात माइक. त्यानं सुरुवातीलाच ओरडायचं, ‘थांबा मित्रांनो, स्क्रोल करू नका!’ पुढं काय म्हणतो याला महत्त्व नाही, फक्त चालत राहायचं. उभा राहिला की त्याच्या पायाखाली काय आहे ते लोक बघतात.

मग पैसे भरून पोस्ट पसरवायची. इथं नवखे चुकतात. आपल्या गावाचा अभिमान म्हणून सातारकरांनाच जाहिरात दाखवतात. फेसबुकवर नकाशात टाचणी रोवून किती किलोमीटरच्या आतल्यांना जाहिरात दिसावी ते ठरवता येतं, आणि कुठली गावं वगळायची तेही. हिंजवडी घ्या, खराडी घ्या, ठाणे घ्या. सातारा, मेढा, वाई हटकून वगळा. मेढ्याचा माणूस दोन सेकंदांत ओळखतो आणि खाली लिहितो, ‘आरं, ही तर आमच्या म्हशी चरायची टेकडी.’ असल्या चार ओळींनी महिन्याचा खर्च बुडतो.

व्हॉट्सॲपचं तंत्र निराळं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण मावतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणून लग्न, वास्तुशांत, बारसं, कुठंही गेलात तरी अक्षता टाकता टाकता नंबर सेव्ह करून घ्या. दशक्रिया विधीला तर जरूर जा. तिथं सगळे वारस एका जागी जमलेले असतात आणि विकायच्या मनःस्थितीत असतात. ‘फक्त ३ प्लॉट शिल्लक’ हा मेसेज पाडव्याला टाकला असेल तर अक्षय्य तृतीयेला परत टाका, दसऱ्याला परत टाका. ३ चे २ करू नका. उगाच लोकांना हिशेब लागतो.

आता कायद्याचं. मन घट्ट करा. घर-प्लॉटच्या विक्रीला वेसण घालणारा रेरा कायदा २०१६ चा, आपल्याकडे त्याचं प्राधिकरण महारेरा १ मे २०१७ पासून. ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे जेमतेम पाच गुंठ्यांपेक्षा, मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर आधी नोंदणी, मग जाहिरात. जाहिरात म्हणजे पेपरातलीच असं नाही, कुठल्याही माध्यमातली. तुमचं स्टेटससुद्धा त्यात आलं. नोंदणी चुकवली तर प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही द्यायचा, जो स्कॅन केला की नोंदणीची सगळी कुंडली समोर. नाही दिला तर ५० हजारांपर्यंत दंड. दलाली करणाऱ्यानंही नोंदणी करायची, म्हणजे गॉगलवाल्या पोरालाही शाळेत घाला.

घाबरलात? अहो, दोन क्यूआर कोड असतात. कायद्याचा एक आणि टोकन भरायचा एक. पहिला कारवीच्या फुलांच्या मागं, अर्धा सेकंद. दुसरा सोनेरी चौकटीत, पडदाभर, ‘आजच बुक करा’सकट. लोकांना स्कॅन करायची हौस असते, कुठला केला हे ते घरी गेल्यावर बघतात. नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, असंही कायदा म्हणतो. मग तिला रक्कम म्हणताच कशाला? ‘शुभारंभ निधी’ म्हणा. देणाऱ्यालाही पुण्य लागल्यासारखं वाटतं.

आणि जागा अजून शेतीचीच असेल तर ‘एनए प्रोसेसमध्ये’ असं लिहा, म्हणजे बिगरशेती व्हायच्या वाटेवर. प्रोसेस कुणाची संपलीय आजवर? आडवे दोनच कायदे येतात. १९४७ चा तुकडेबंदी कायदा म्हणतो, शेताचे असे बारके तुकडे करून विकू नका. कूळकायदा म्हणतो, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकू नका. पहिल्यावर तोडगा ठरलेला आहे, दहा अनोळखी माणसांना एकाच सातबाऱ्यावर सामाईक खरेदी करून द्यायची. त्यातले आपले दोन गुंठे नेमके कुठले, हे फक्त चुन्याच्या रेघेला ठाऊक. जमिनीवरचा चुना पहिल्या वळवात वाहून जातो, माणसांना लागलेला टिकतो. दुसऱ्यावर तोडगा म्हणजे एक वाक्य, ‘शेतकरी दाखल्याचं आमच्यावर सोडा सर.’ तेवढं आरशासमोर पाठ करा. हसू येता कामा नये.

साइट व्हिजिट कशी करावी हे मी अनुभवातून सांगतो, कारण एकदा मीच गिऱ्हाईक होतो. कुठली मंडळी ते सोडा. रविवारी सकाळी एसी गाडी दारात आली. गाडीत टोप्या वाटल्या, मिसळ झाली. साइटवर कमान होती, झेंडे होते, नारळाची सोळा रोपं होती आणि त्यातलं एक मी सहज ओढलं तर कुंडीसकट वर आलं. दुपारी मटण-भाकरी. मटण खरंच फर्मास होतं, हे कबूल केलं पाहिजे. शिवाय प्रत्येक जोडप्याला पाव किलो कंदी पेढे. पेढा तोंडात असतानाच अर्ज पुढं आला. मी म्हटलं, ‘सातबारा बघू जरा.’

पोरगा अजिबात गडबडला नाही. म्हणाला, ‘काका, सातबारा मंगळवारी येतो.’

बाजारासारखा! आमची ही म्हणाली, ‘असेल बाई नवी पद्धत.’ मी घरी येऊन मोबाइलवर १५ रुपये भरले तर तो रविवारीच आला. वर भोगवटादार वर्ग २, म्हणजे वरिष्ठांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. खाली चौदा नावं, त्यातल्या तिघांपुढं मयत. इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा. मी तो सातबारा त्यांच्या ग्रुपवर टाकला आणि मिनिटभरात ग्रुपबाहेर गेलो. यावरून तुम्ही काय घ्यायचं? अर्ज मटणानंतर नाही, मटणासोबतच पुढं करा, आणि रस्सा इतका झणझणीत ठेवा की चष्म्यावर वाफ धरली पाहिजे. शिवाय साइट अशी निवडा की तिथं मोबाइलला रेंज नसेल. ‘डिजिटल डिटॉक्स’ म्हणून त्याचे गुंठ्यामागं वेगळे पैसे लावता येतात.

एवढं जमलं की एक दिवस तुमची रील लाखभर लोक बघतील. तेव्हा प्रत्येक कमेंटला हातानं उत्तर देणं शक्य नाही, म्हणून उत्तरं आपोआप जाण्याची सोय करून ठेवा. ती सोय भेदभाव करत नाही. आमच्या ओळखीतल्या एकानं करून ठेवली होती. एका रात्री गणपतीचा फोटो लावलेल्या कुणा आबांनी रीलखाली लिहिलं, ‘ह्यात माजा बी हिस्सा हाय. कोर्टात तारीक चालू हाय. कोन इकतंय?’

लगेच उत्तर गेलं, ‘धन्यवाद सर! आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत. रविवारच्या साइट व्हिजिटला आपण किती जण येणार?’

आबांनी लिहिलं, ‘समदी भावकी येती. पस्तीस जनं हायेत. गाडी मोठी धाडा.’

‘आपल्या सीट कन्फर्म झाल्या आहेत सर. जेवण व्हेज की नॉनव्हेज?’