सही सरांची, मजकूर आपला

अमेरिकेच्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षांपैकी स्टेप वन पास, स्टेप टूचा स्कोअर बरा, पासपोर्टवर व्हिसासाठी कोरी पानं आहेत. अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे तिकडच्या पीजीच्या, अर्जात आता अडकलंय ते एकच, एलओआर. मराठीत शिफारसपत्र. हा शब्द कानावर पडताच तुमच्या वडिलांचा चेहरा उजळेल. शिफारसपत्र म्हणजे काय, हे आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. साहेबांचं लेटरहेड, 'पत्रवाहक माझ्या परिचयाचे असून योग्य ते सहकार्य करावे' एवढी एक ओळ आणि खाली हिरव्या शाईत सही. काम फत्ते.

वडिलांच्या या समजुतीला अजिबात धक्का लावू नका. मला काम करताना कोणी पाहिलंय, असले प्रश्न सोडून द्या. मला न ओळखणाऱ्यांमध्ये सगळ्यात मोठा कोण, एवढंच शोधायचं.

उदाहरणार्थ, इंटर्नशिपमध्ये मेडिसिनला एक असिस्टंट प्रोफेसर मॅडम होत्या. रात्री अडीचला तुम्ही त्यांना फोन केला होता की पोटॅशियम ६.८ आलंय, ईसीजी काढून ठेवलाय, टी वेव्ह उंच दिसतायत, कॅल्शियम ग्लुकोनेट काढून ठेवू का? मॅडमना तो पेशंट अजून आठवतो, खाट क्रमांकासकट. डिस्चार्जच्या दिवशी त्याच्या बायकोला डाएटचा कागद तुम्ही मराठीत लिहून दिलात, हेही आठवतं. या मॅडमकडे चुकूनही जाऊ नका. असिस्टंट प्रोफेसर! लोक काय म्हणतील?

तुम्ही थेट एचओडी सरांकडे जा. तुमची-त्यांची भेट दोनदा झालेली आहे. एकदा गॅदरिंगला, तेव्हा ते स्टेजवर होते आणि तुम्ही सतरंजीवर. दुसऱ्यांदा व्हायव्हाला, तेव्हा तुम्ही प्लीहा उजवीकडे शोधत होतात. शक्यतो गणपतीच्या आठवड्यात गाठायला जा, म्हणजे सर गावी गेलेले असतील. प्रोग्रामना, म्हणजे रेसिडेन्सी देणाऱ्या तिकडच्या हॉस्पिटलांना, अर्ज दिसायला लागतात सप्टेंबरच्या शेवटी. एवढ्यात कसली घाई?

सर भेटले की मान वर न करता म्हणतील, "ड्राफ्ट करून आण."

सरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे पीजीची सीट मिळते नीट-पीजीच्या रँकवर. हा मुलगा डॉक्टर म्हणून कसा आहे, असं त्यांना उभ्या कारकिर्दीत कोणी विचारलेलं नाही. विचारलं ते बोनाफाइड आणि कॅरॅक्टर सर्टिफिकेटपुरतं, आणि त्याचे छापील नमुने क्लार्ककडे असतात. तिकडे २०२२च्या जानेवारीपासून स्टेप वनचा आकडा गेला, नुसतं पास-नापास उरलं. मग अर्ज चाळणारे उरलेल्या कागदांकडे जास्त निरखून पाहू लागले तर नवल काय? पण ही बातमी आपल्या कॉलेजच्या जिन्यात अजून दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलेली नाही.

तर ड्राफ्ट. स्वतः लिहायचे कष्ट घेऊ नका, सीनियरकडे तयार असतो. त्याला त्याच्या सीनियरने दिलेला. नाव बदलायचं, इंग्रजीतल्या 'ही'चं 'शी' करायचं, आणि एका परिच्छेदात 'ही' तसाच विसरायचा. हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल, गुड मॉरल कॅरॅक्टर. तुमच्या बॅचच्या चौघांनी एकाच प्रोग्रामला अर्ज केला, तर चौघेही शब्दशः तितकेच सिन्सिअर निघतील. एका कॉलेजात एवढा सिन्सिअरपणा बघून प्रोग्राम डायरेक्टर थक्क व्हायलाच हवा.

'पंक्च्युअल' मात्र ठळक करा. आपल्याकडे वेळेवर येणारा माणूस हा चमत्कार असतो. तिकडे वाचणारा म्हणतो, या मुलाबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही सापडलं नाही वाटतं. आणि तुम्ही मुलगी असाल, तर 'कष्टाळू' आहेच. फ्रान्सेस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या दोघींनी एका अमेरिकन मेडिकल कॉलेजात प्राध्यापकीसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासून २००३ साली लेख लिहिला. बायकांची पत्रं सरासरीने आखूड आणि त्यांत मेहनतीचं कौतुक जास्त. पुरुषांच्या पत्रांत संशोधन आणि हुशारी. आपल्या सीनियरचा ड्राफ्ट या बाबतीत निःपक्षपाती आहे, तो सगळ्यांनाच कष्टाळू करून सोडतो.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. ईरासवर, म्हणजे रेसिडेन्सीच्या अर्जाच्या पोर्टलवर, पत्राची विनंती तयार करताना एक चौकट असते. हे पत्र पाहण्याचा माझा हक्क मी सोडतो. हक्क सोडला की वाचणाऱ्याला कळतं, लिहिणाऱ्याने मोकळेपणाने लिहिलंय. काल रात्री दीड वाजता हॉस्टेलवर मॅगी खात जे पत्र तुम्ही स्वतः टाइप केलंत, ते पाहण्याचा हक्क तुम्ही आज सकाळी सद्गदित होऊन सोडायचा. एवढा त्याग हरिश्चंद्रानेही केला नसेल.

पत्र सरांनी स्वतः पोर्टलवर चढवायचं असतं. सरांचा ईमेल ऑफिसातले भाऊसाहेब बघतात. भाऊसाहेबांना परदेशातून आलेला मेल म्हणजे लॉटरी लागल्याची थाप, हे पक्कं माहीत आहे, ते उडवतात. तिसऱ्यांदा चहा पाजल्यावर पत्र निघतं, वर जावक क्रमांक, खाली गोल शिक्का. शिक्का अर्धवट उमटला म्हणून पुन्हा स्कॅन. त्या शिक्क्याकडे ओहायोत कोणी ढुंकूनही बघत नाही, पण आपलं समाधान.

एका प्रोग्रामला जास्तीत जास्त चार पत्रं जोडता येतात, म्हणून तिकडचंही एखादं हवं. त्यासाठी एजंटकडून महिन्याची ऑब्झर्व्हरशिप घ्या, पत्र पॅकेजमध्येच असतं. महिनाभर भिंतीला टेकून उभं राहायचं, पेशंटला हात लावायचा नाही, ऑर्डर लिहायची नाही. मग डॉक्टर प्रामाणिकपणे लिहितात की हे गृहस्थ महिनाभर हजर होते. प्रत्यक्ष पेशंट तपासायला देणारी रोटेशन्सही असतात, तिथे अटेंडिंग, म्हणजे तिकडचा सीनियर डॉक्टर, तुमचं काम पाहतो आणि पत्रात नेमकं काहीतरी लिहितो. म्हणजे चूक झाली तर तीही दिसणार! भिंत बरी. तरीही चौथं कमी पडलं, तर आत्याचे यजमान न्यू जर्सीत रेडिओलॉजिस्ट आहेतच. अर्ज सायकियाट्रीचा असला म्हणून काय झालं, आडनाव वेगळं आहे ना?

आणि समजा, एवढं सगळं करूनही मार्चमध्ये मॅच झालंच, म्हणजे जागा मिळालीच. तर अशी आठ-दहा वर्षं जातील, तुम्ही अटेंडिंग व्हाल, आणि एखाद्या रविवारी बर्फ उपसताना फोन वाजेल. आपल्याच कॉलेजचा मुलगा. "सर, आपण भेटलो नाहीये, पण तुमचा एक एलओआर मिळाला तर..." फावडं भिंतीला टेकवून तुम्ही हातमोजा काढाल आणि मान वर न करता टाइप कराल, "ड्राफ्ट करून पाठव."