‘आयसीयूचं ऑडिट म्हणजे नुसते कागद काळे करणं’ हे खरं नाही

विदर्भातल्या डॉक्टर-सिस्टरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “सेफ्टी ऑडिट हे मोठ्या शहरांचे लाड. इथे माणसंच नाहीत. सिस्टर फॉर्म भरणार की पेशंट बघणार? शेवटी निघतो तो मेमो.”

आधी फॉर्मचं. ऑडिट म्हणजे पेशंटच्या सुरक्षेची तपासणी; ती खाटेपाशी उभं राहून होते, ड्युटी संपताना टिका मारून नाही. फवारणीच्या दिवसांत विषबाधा होऊन व्हेंटिलेटरवर आलेला पेशंट घ्या. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर आहे का? (बीपी फार पडलंय किंवा मणक्याला मार आहे, तर कारण लिहा; ती चूक धरू नका.) श्वासनलिकेतल्या नळीच्या कफचा (नळीभोवती फुगवलेल्या फुग्याचा) दाब २० ते ३० सेंमी पाण्याइतका आहे का? कमी असला तर लाळ कफच्या कडेने फुफ्फुसात झिरपते, आणि या विषबाधेत लाळ भरपूर सुटते. जास्त असला तर श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. नळीच्या बाहेरच्या टोकाचा छोटा फुगा बोटांनी चाचपून हे कळत नाही, दाब मोजणारं गेजच लागतं. अ‍ॅट्रोपिनच्या (या विषावरच्या उताऱ्याच्या) सिरिंजवर मात्रा आणि वेळ आहे का? अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) खाटेलाच टांगलेली आहे की कपाटात? लाईट गेली नि व्हेंटिलेटरची बॅटरीही उतरली, तर कपाट उघडण्याइतका वेळ नसतो. हे सगळं बघायला काही मिनिटं पुरतात.

शहरांचे लाड? अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या १०३ आयसीयूंचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. हात धुणं, सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत टाकायची नळी) टाकताना पूर्ण निर्जंतुक आवरण, त्वचेला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, गरज संपताच लाईन काढणं, यावर त्यात भर होता. हजार लाईन-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाईन, म्हणजे एक लाईन-दिवस) रक्तातल्या संसर्गाच्या दराचा मध्यक २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. आपल्या लहान आयसीयूत महिन्याला ४० लाईन-दिवस भरले, तर एका संसर्गानेही दर २५ दिसतो. म्हणून दरामागे धावू नका. किती लाईन टाकताना सगळ्या पायऱ्या पाळल्या, ते मोजा. आणि माणसं कमी असतील तर लाईनचं सगळं सामान एकाच ट्रॉलीत ठेवा, धावपळ तिथेच वाचते.

मेमोच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. मेमो निघू लागले की पुढच्या महिन्यात कागदावर सगळं बरोबर आणि खाट सपाट! फॉर्मवर सिस्टरचं नाव नको, खाट आणि ड्युटीची पाळी पुरे. तपासणारा दुसऱ्या पाळीतला हवा, न सांगता येणारा, रात्रीही. त्रुटी दिसली की आधी ती दुरुस्त करायची, मग नोंद. महिन्याला एकच त्रुटी निवडा: कफचं गेज कुलपात असतं, तर किल्ली कोणाकडे राहील ते ठरवा, आणि महिन्याने त्याच फॉर्मवर पुन्हा मोजा.